चाचणीचं डोकं

मास्तरांच्या डोक्यावरचे केस गेले तेव्हा त्यांच्या बायकोला वाईट वाटलं आणि प्रयोगशाळेला आनंद झाला. कारण उघड होतं. मेंदूतली वीज मोजायची तर इलेक्ट्रोड कातडीला भिडायला हवा, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्या दोघांच्या मध्ये केस येतात. केस बाजूला सारायचे, बोथट सुईच्या सिरिंजनं जेल सोडायचं, सुईच्या टोकानंच कातडी हलक्या हातानं घासायची, आणि स्क्रीनवरचा लाल ठिपका पिवळा होतो का, पिवळ्याचा हिरवा होतो का, हे बघत बसायचं. नाही झाला तर पुन्हा घासायचं. एखादी दाट केसांची मुलगी प्रयोगाला आली की अर्धी सकाळ तिच्या डोक्यातच जायची. मास्तरांचं तसं नव्हतं. जेलचा थेंब टेकला की ठिपका हिरवा.

म्हणून धुऊन वाळवलेल्या टोप्या दर सोमवारी आधी मास्तरांच्या डोक्यावर चढायच्या. टोपी म्हणजे ताणल्या जाणाऱ्या कापडाची, हनुवटीखाली पट्टा असलेली, आणि जागोजागी इलेक्ट्रोड बसवलेली. त्यातला एखादा मेला असेल, एखादी वायर तुटली असेल, तर ते प्रयोगाला आलेल्या माणसाच्या डोक्यावर कळून काय उपयोग? मास्तर खुर्चीत बसायचे, मास्तरीणबाई जेल भरायच्या, आणि स्क्रीनवर रेघा धावू लागल्या की म्हणायच्या, "डोळे मिटा." मास्तर डोळे मिटायचे. लगेच डोक्याच्या मागच्या बाजूच्या रेघांवर लाटा उठायच्या, सेकंदाला दहा, एकसारख्या. "उघडा." लाटा बसायच्या. एवढं झालं की टोपी ठीक, जेल ठीक, यंत्र ठीक. त्या रेकॉर्डिंगवर 'चाचणी, मास्तर' असं लिहून ते एका फोल्डरमध्ये टाकलं जायचं, आणि पुन्हा कोणी उघडत नसे.

"लोक मेल्यावर डोकं संशोधनाला देतात," टोपी काढताना मास्तर म्हणायचे. "मी आपला हप्त्याहप्त्यानं देतोय."

मास्तर काही शाळेतले मास्तर नव्हेत. प्रयोगशाळेतले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. आजवर तिथं जो कोणी आला, तो टोपी बसवायला त्यांच्याच हाताखाली शिकला. आता विभागप्रमुख झालेल्या मॅडमसुद्धा विद्यार्थिनी असताना त्यांच्याकडून सिरिंज कशी धरायची ते शिकल्या होत्या. त्यामुळे ते मास्तर, आणि त्यांची बायको त्याच प्रयोगशाळेत काम करायची म्हणून ती आपोआप मास्तरीणबाई. तिनं स्वतः अर्धी प्रयोगशाळा सांभाळली तरी नाव नवऱ्याच्याच खात्यावर जमा. याबद्दल त्या अधूनमधून कुरकुर करायच्या, पण कोणी नुसतं 'बाई' म्हटलं तर त्यांना चुकल्यासारखं व्हायचं.

मास्तरांचे दोन नियम होते. पहिला, प्रयोगाला येणाऱ्या माणसाला पाहुणा म्हणायचं. तो आपला वेळ देतो, डोकं देतो, वर केसांत चिकट जेल घेऊन जातो. तेव्हा त्याला बेसिनपाशी नेऊन त्याचं डोकं कोमट पाण्यानं आपण धुवायचं. आणि दुसरा नियम, पाहुणा दारातून गेला की गेला, त्याला घरी न्यायचा नाही. कारण आलेखात कधी कधी नको ते दिसतं. एखाद्या हसतमुख बाईच्या रेघांत मधेच एक टोकदार शिखर दिसतं, फेफऱ्याची खूण. ते मॅडमना सांगायचं, मॅडम पुढचं बघतील, पण रात्रीच्या जेवणात तिचा विषय काढायचा नाही. मास्तरीणबाईंना हा नियम कधी नीट जमला नाही. मास्तर टाळा लावता लावता दरवेळी विचारायचे, "पिशवीत कोणी पाहुणा नाही ना?"

आणि एक खेळ होता. नाव झाकून वाचायचं. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात पाहुण्याचं नाव येतं, तिथं कागदाची पट्टी चिकटवायची आणि शिकणाऱ्याला म्हणायचं, वाच बघू. वय काय असेल? झोप झाली होती का? घाबरलाय की निवांत आहे? तीसेक वर्षांपूर्वी मास्तरीणबाई नव्या होत्या, मास्तरीणबाईही नव्हत्या, तेव्हा मास्तरांनी त्यांच्यापुढे असाच एक आलेख ठेवला होता. त्यांनी वाचला. "तरुण आहे. जबडा आवळून बसलाय, बाजूच्या रेघा बघा किती जाड झाल्यात. पापण्या सारख्या फडफडतायत. याचं मन काही थाऱ्यावर नाही."

"कशामुळे असेल?" मास्तरांनी विचारलं.

"ते आलेखात कसं दिसणार?"

मास्तरांनी पट्टी काढली. नाव त्यांचंच होतं. आदल्या दिवशी शिकताना तिनंच त्यांच्या डोक्यावर टोपी बसवली होती, त्यांच्या पाठीशी उभी राहून. "तू मागे उभी होतीस," मास्तर म्हणाले. माणूस बोलायला इतका भित्रा की लग्नाचं विचारायलासुद्धा त्याला मेंदूचा आलेख काढावा लागला. वर पुन्हा मास्तरकी सुटली नाहीच. "पण तू नापास. ही डाव्या बाजूची उंच लाट बघितलीस का? इथं माझ्या कवटीला खोक आहे, लहानपणी भिंतीवरून पडलो होतो. तिथं हाड पातळ आहे, म्हणून आतली वीज जास्त बाहेर येते. ही माझी सही. हजार आलेखांत माझा आलेख मिसळ, मी एका नजरेत काढून दाखवीन."

पुढे त्या खोकेला बोट लावून बघायची मास्तरीणबाईंना सवयच लागली. डाव्या कानाच्या जरा वर, करंगळीचं टोक मावेल एवढी.

आता हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी एका सोमवारी मास्तरांनी टोपी उलटी घातली. पुढची बाजू मागे. मास्तरीणबाई जेल भरत गेल्या, डोळे मिटा म्हणाल्या, आणि मागच्या लाटा स्क्रीनवर कपाळाच्या रेघांवर उठल्या. दोघं पोट धरधरून हसली. "उशिरा का होईना, अक्कल पुढे आली," मास्तर म्हणाले. सगळ्या मजल्यावर हा विनोद फिरला. नवी पोरं तरी असा घोळ घालतात, पण मास्तर? एखाद्या स्वयंपाक्यानं चूल पेटवायची विसरावी तसं ते होतं. काही महिन्यांनी मास्तरांनी पुन्हा टोपी उलटी घातली. त्या वेळी मास्तरीणबाईंनी काही न बोलता ती काढली आणि सुलटी बसवली. मास्तरही काही बोलले नाहीत, कारण त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

लाटा त्याच सुमाराला मंद होऊ लागल्या. आधी दहाच्या नऊ. नऊ म्हणजे काही वाईट नव्हे. मग नऊला थोड्या कमी, मग आठ, आणि आठच्या खाली गेल्या तर मेंदूच मंदावलाय असं समजतात. मास्तरीणबाईंनी ठरवून टाकलं की यांची झोप नीट होत नाही. त्यांनी संध्याकाळचा चहा बंद केला. लाटा तशाच. मग त्यांनी मास्तरांची जाडी उशी बदलून पातळ आणली. मास्तरांची मान धरली, लाटा तशाच. मग त्यांचं लक्ष जेलकडे गेलं.

नव्या पुरवठादाराचं जेल तेव्हाच यायला लागलं होतं, आणि मास्तरीणबाईंना बुडत्याला काडी मिळावी तसं ते मिळालं. जेल म्हणजे काय, घट्ट केलेलं मिठाचं पाणी. मीठ कमी पडलं की संपर्क बिघडतो. जेलमुळे लाटा मंद होत नाहीत, फार तर रेघा खरखरतात, हे त्यांनी स्वतः कितीतरी पोरांना शिकवलं होतं. पण शिकवणं वेगळं. कळतं पण वळत नाही म्हणतात, इथं तर त्यांना कळूनच घ्यायचं नव्हतं. त्यांनी भांडारपालाशी कडाक्याचं भांडण केलं. जेलच्या बरण्यांचं खोकं त्याच्या टेबलावर आपटलं आणि म्हणाल्या, "हे जेल आहे की केसांना लावायचा चिकटा? आलेख बिघडतात माझे."

"बाकी कोणाची तक्रार नाही, मास्तरीणबाई," तो म्हणाला.

"बाकीच्यांना कळत असतं तर तक्रार केली असती!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," भांडारपाल पुटपुटला. एरवी मास्तरीणबाईंनी त्याला सोडला नसता. त्या दिवशी त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "बदलून द्या हो. एवढं करा माझं."

जेल बदलून आलं. त्या सोमवारी मास्तरांच्या लाटा आठच्याही खाली होत्या. मास्तरीणबाईंनी स्क्रीन थोडा आपल्याकडे वळवला. "कशा आहेत?" मास्तरांनी डोळे मिटूनच विचारलं. "एकदम झकास," त्या म्हणाल्या. तिथून त्या दर सोमवारी स्क्रीन वळवत गेल्या आणि झकास म्हणत गेल्या. तंत्रज्ञानं आलेख खोटा सांगणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

मॅडमना शेवटी कळलंच. बदललेल्या जेलबद्दलही मास्तरीणबाईंची तक्रार तिसऱ्यांदा गेल्यावर मॅडम स्वतः खाली आल्या. कमी बोलणारी बाई, पण नजर घारीची. "असं करू," त्या म्हणाल्या. "हेच जेल, हीच टोपी, दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर लावून बघू. मास्तरीणबाई, तुम्हीच बसा ना."

"मी? माझे केस बघा, मॅडम. तासभर जाईल."

"जाऊ दे की तासभर," मास्तर उत्साहानं म्हणाले. "ये, बस. बऱ्याच वर्षांत तुझ्या डोक्यात हात घातला नाही."

त्या बसल्या. मास्तरांनी नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावली, मधोमध पेन्सिलीनं खूण केली आणि टोपी चढवली. सुलटी. मग सिरिंज घेतली. आणि मास्तरीणबाईंना वाटलं की आपण उगाच काहीबाही मनात आणतो, या हातांना काही म्हणता काही झालेलं नाही. एकेक बट त्यांनी अशी बाजूला केली की केस ओढला जातोय असं एकदाही वाटलं नाही. सुईचं टोक टाळूवर बारीक बारीक फिरत होतं. दरवेळी मास्तर विचारत होते, "दुखलं का?" पाहुण्यांना विचारतात तसंच. "नाही," त्या म्हणत होत्या. जेल गार होतं, मास्तरांचा श्वास मानेवर येत होता, आणि हे असंच चालू राहावं, शेवटचा ठिपका हिरवा होऊच नये, असं त्यांना वाटलं. पण होताहोता सगळे हिरवे झाले.

"डोळे मिट," मास्तर म्हणाले.

त्यांनी मिटले. मग मास्तरांचा आनंदलेला आवाज आला. "बघ! बघ काय लाटा आहेत! दहा, घड्याळ लावून घ्यावं अशा. जेल उत्तम आहे, मॅडम. हिनं बिचाऱ्या भांडारवाल्याला उगाच बदनाम केलं."

मास्तरीणबाईंनी डोळे उघडले तेव्हा मॅडम स्क्रीनकडे बघत नव्हत्या, त्यांच्याकडे बघत होत्या. दोष देण्याजोगं आता काही उरलं नव्हतं. स्वतःचा मेंदू ठणठणीत असल्याचं इतकं दुःख कोणाला झालं असेल असं वाटत नाही. त्यांचं मन म्हणत होतं, या लाटा माझ्या कशाला, यातल्या दोन त्यांना द्या. डोळे वाहायला लागले. मास्तर म्हणाले, "जेल गेलं डोळ्यात. थांब, पाणी आणतो." ते बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मॅडम बघायला गेल्या तेव्हा ते बेसिनपाशी पाण्यानं भरलेला पेला घेऊन उभे होते, कशासाठी आलो ते आठवत.

नंतर टोप्या धुताना मॅडम मास्तरीणबाईंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. इलेक्ट्रोडमधलं जेल मऊ टूथब्रशनं काढावं लागतं, ते काम चाललं होतं. मॅडमनीही एक ब्रश उचलला.

"गेल्या आठवड्यात एका पाहुण्याचं कपाळ सोललं गेलं," मॅडम म्हणाल्या. "मास्तरांनी तीच जागा पुन्हा पुन्हा घासली. घासलीय हे विसरत होते. तो भला माणूस होता, काही बोलला नाही. जाताना मला दाखवून गेला."

मास्तरीणबाईंनी पुढची टोपी ओढून घेतली.

"जुन्या चाचण्या मी सगळ्या लावून बघितल्या. तुम्हीही बघितल्या असतील." मॅडमनी ब्रश खाली ठेवला. "मला हे काम त्यांनी शिकवलंय. तुम्हाला वाटत असेल मी कठोर आहे. पण त्यांना डॉक्टरकडे न्यायला हवं, आणि तोवर पाहुण्यांच्या डोक्याला त्यांनी हात लावता कामा नये. त्यांना तुम्ही सांगा. शुक्रवारपर्यंत नाही जमलं तर मला सांगावं लागेल."

"माझ्याकडून नाही ऐकणार ते. लेकीनं फोनवर नुसतं म्हटलं होतं, बाबा, एकदा दाखवून घ्या. तर म्हणाले, मेंदूचं मला शिकवू नकोस."

"मग कोणाचं ऐकतील?"

मास्तरीणबाईंनी हातातली टोपी पिळली. मास्तर आयुष्यात कोणाचं ऐकत आले होते? डॉक्टरचं नाही, लेकीचं नाही, बायकोचं तर नाहीच. त्यांचा विश्वास फक्त आलेखावर.

ते चार दिवस कसे गेले ते त्यांचं त्यांना माहीत. रोज त्या ठरवायच्या की जेवताना सांगू, आणि रोज तोंडात मिठाची गुळणी धरून बसायच्या. समोर मास्तर मजेत जेवत असायचे, ताटातली भाजी संपली तर हक्कानं मागायचे, तिच्या जेलच्या भांडणावरून तिला चिडवायचे. अशा माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं की तुम्ही चाललात? घरात राहून, हातपाय धड असताना, थोडे थोडे करून तुम्ही चाललात? सांगायची भीती एकच होती. त्यांना कळेल, आणि मग ते घाबरतील, आणि त्यांना घाबरलेलं बघणं आपल्याला झेपणार नाही. आणि न सांगावं तर मॅडम सांगणार, कचेरीत समोर बसवून. हे त्यांना परक्याच्या तोंडून कळणं मास्तरीणबाईंना मान्य नव्हतं. मास्तरांना हे मास्तरांच्याच तोंडून कळायला हवं होतं.

शुक्रवारी दुपारी मजल्यावरची सगळी मंडळी व्याख्यानाला गेली. मास्तरीणबाईंनी खिडकीचा पडदा ओढला, या सोमवारची चाचणी स्क्रीनवर लावली, आणि वरच्या कोपऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवली. पट्टी तिरकी बसली.

"अहो," त्यांनी हाक मारली. "जरा एक वाचून द्याल का?"

मास्तर टॉवेलांच्या घड्या घालत होते. पट्टी बघून त्यांचा चेहरा उजळला. "किती दिवसांनी! नाव झाकून? कोणाला शिकवायचंय?"

"मलाच."

मास्तर खुर्ची ओढून बसले. चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला. आणि वाचायला लागले, तसेच, जसे पूर्वी वाचायचे, रेघेखालून पेन्सिलीचं मागचं टोक सरकवत.

"डोळे मिटलेत. जागा आहे, झोप बीप काही नाही. लावणाऱ्याचा हात चांगला आहे, एक रेघ खरखरत नाही. तूच लावलंस ना? वाटलंच. माणूस साठीच्या आसपासचा." पेन्सिल पुढे सरकली. "घाबरलेला नाही. जबडा सैल आहे. एरवी पाहुणे किती आवळून बसतात! हा घरच्यासारखा बसलाय."

मास्तरीणबाई त्यांच्या मागे उभ्या होत्या. खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

पेन्सिल मागच्या रेघांवर येऊन थांबली. मास्तर ओठ हलवत लाटा मोजू लागले. एकदा मोजल्या, मग दुसऱ्या जागी मोजल्या. "मंद आहेत गं," ते म्हणाले. "सातसुद्धा भरत नाहीत. पण एका आलेखावर काही बोलू नये. याचे आधीचे आहेत?"

होते. मास्तरीणबाईंनी एकाखाली एक लावले, वर्षाचे. मास्तर कितीतरी वेळ बघत राहिले. त्यांना एकही गोष्ट चुकली नाही. कुठून उतार सुरू झाला तो महिनासुद्धा त्यांनी बरोबर दाखवला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हा सुटत चाललाय," ते म्हणाले. "बिचारा. आणि डाव्या बाजूला इथं बघ, ही लाट उंच आहे. कवटीला जुनी खोक असणार. लहानपणी कुठून तरी पडला असेल." बोलता बोलता त्यांचा हात स्वतःच्या डाव्या कानावर गेला आणि करंगळीनं तिथली खोक खाजवून परत आला. "याला घरी कोणी आहे का?"

"आहे. बायको आहे."

"तिला माहीत आहे?"

"हो."

"आणि याला?"

"याला नाही सांगितलं अजून."

"का?" मास्तर मागे वळले. "सांगायला हवं होतं! वर्षभर बघत बसली? आधी कळलं असतं तर त्याला चार गोष्टी करता आल्या असत्या. काही बोलून ठेवायचं असेल, कुणाला भेटायचं असेल. आता सांगून त्याला कितपत समजेल, देव जाणे. कसली बायको म्हणायची ही?"

मास्तरीणबाईंना वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी हात लांब केला आणि पट्टी काढली.

मास्तरांनी चष्मा पुन्हा चढवला. कोपऱ्यातली अक्षरं वाचली. 'चाचणी, मास्तर'. पुन्हा वाचली. मास्तरीणबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. आता कळेल. आता यांचा चेहरा पडेल, आता मी यांना जवळ घेईन, आता आम्ही दोघं मिळून रडू.

"अरेच्चा," मास्तर म्हणाले. "नावांचा घोळ झालाय."

"काय?"

"फाइल चुकीच्या नावावर पडलीय. नवी पोरं करतात असं, आधीच्याचं नाव न बदलता पुढचा चालू करतात." ते खरोखर काळजीत पडले होते. "अगं, ही फार मोठी चूक आहे. याचा आलेख माझ्या नावावर, म्हणजे माझा याच्या नावावर गेला असणार. त्याच्या घरच्यांना वाटेल, सगळं ठीक आहे. दहाच्या लाटा बघून ती बायको निर्धास्त झोपेल."

"अहो." त्यांनी मास्तरांचा हात धरला आणि त्यांचंच बोट त्यांच्या डोक्यावरच्या खोकेवर नेऊन ठेवलं. "ही बघा. ही उंच लाट. तुमची सही."

मास्तरांनी बोट तिथं राहू दिलं. स्क्रीनकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. क्षणभर त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तिला तसं दिसलं तरी. मग ते हसले, शिकाऊ पोरीकडे बघून हसतात तसे.

"हो, मलाही आहे. योगायोग. एवढ्यावर आलेख माझा म्हणायचा? माझ्या लाटा मला माहीत नाहीत का? तूच तर दर सोमवारी सांगतेस, झकास आहेत म्हणून."

मास्तरीणबाई खाली बसल्या, तिथंच, टॉवेलांच्या गठ्ठ्यापाशी, आणि त्यांना हुंदका आवरेना. मास्तर गडबडले. त्यांनी घडी घातलेला एक टॉवेल उचलून तिच्या हातात दिला, आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले, बट बाजूला करत, हलक्या हातानं.

"रडू नकोस. आपण शोधू त्याला. सोमवारी आल्या आल्या पहिलं काम हेच. ती बाई कोण, कुठली, तिला बोलावून घेऊ. मी सांगीन तिला नीट समजावून, तुला बोलायला नको. तिची चूक नाही म्हणावं. भीती वाटते माणसाला."

"वाटते," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"आणि काय सांगितलंय मी? पाहुण्याला घरी न्यायचा नाही."

"नाही नेत."

"ऊठ मग. चल."

त्यांनी स्क्रीन बंद केला. मास्तरांनी दाराशी जाऊन टाळा हातात घेतला, तो उलटसुलट करून बघितला, आणि किल्ली कुठल्या बाजूनं घालायची ते न कळून तिच्याकडे दिला. तिनं टाळा लावला.

"पिशवीत कोणी नाही ना?" मास्तरांनी विचारलं.

"कोणी नाही," असं म्हणून तिनं त्यांचा हात धरला आणि त्यांना घरी घेऊन निघाली.